मयत हाच आरोपी

ती घटना आजही आठवली की माझं डोकं तापतं. बडोद्याच्या बाहेर नव्या रस्त्यासाठी भराव टाकायचं काम चालू होतं. माती दाबणारा रोलर कडेवरून उलटला आणि एक मजूर त्याखाली सापडून मेला. त्या हद्दीच्या पोलीस ठाण्याचा इन्स्पेक्टर मी. मी शहरातल्या कारेलीबागेतून तिथं पोचेपर्यंत साइटवरच्या शहाण्यांनी क्रेननं रोलर उभा करून धुऊनसुद्धा काढला होता. आता पंचनामा कशाचा करायचा, चिखलाचा?

सुपरवायझरची फिर्याद तयारच होती. ऑपरेटर रजेवर, मजुरानं न विचारता रोलर चालू केला आणि उलटवला. "साहेब, भूल तो एनीज छे," हे त्याचं पालुपद. चूक म्हणे त्याचीच, म्हणजे मयत हाच आरोपी. आरोपीच मेलेला असला की केस चालत नाही, फाइल बंद होते आणि सगळ्यांची सोय होते. आमचे जमादारसुद्धा म्हणाले, "मिटवून टाका ना, साहेब."

मयताची बायको दाहोदकडची. रोज येऊन ठाण्याच्या बाकावर बसायची. रडायची नाही, पण उठायचीही नाही. "त्याला सायकलशिवाय काही चालवता येत नव्हतं. गावात म्हणतात, स्वतःच्या हातानं मेला. गुन्ह्यातून त्याचं नाव काढा, साहेब."

एका सकाळी साइटवरच्या पाण्याच्या टँकरवाल्याचा फोन आला. ऑपरेटर रजेबिजेवर नाही, खोलीवर पडून आहे. लगेच उचलून आणला. "मी गावी होतो," याच्यापुढे गडी सरकेना. विचारून विचारून माझा घसा बसला. वैतागून चहा मागवला, तर कप घ्यायला वाकताना तो कळवळला. सदरा वर करायला लावला. ओटीपोटावर आडवा, पट्ट्याएवढा काळानिळा वळ.

सीटबेल्टचा वळ होता तो. साइटवर बेल्ट कुणी लावत नाही. न लावला तर मशीन पीं-पीं करत राहतं, म्हणून तो सीटच्या मागून अडकवून ठेवतात. हा एकटाच खरोखर बांधणारा निघाला. रोलर उलटला तरी बेल्टनं त्याला केबिनमध्ये धरून ठेवलं. पायरीवर उभा असलेला मजूर मात्र खाली फेकला गेला.

मग सगळं बाहेर आलं. जेवणाच्या सुट्टीत भरावावरून चालत यायला वेळ लागतो, म्हणून मजुरांना रोलरच्या पायरीवर उभं करून आणायची तिथली पद्धतच होती. त्या दिवशीही सुपरवायझरनंच हुकूम सोडला होता, "चढ पायरीवर आणि लवकर ये."

"बेल्ट बांधला नसता तर तुम्हाला सापडलो नसतो, साहेब," ऑपरेटर हळहळला.

मी कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, बांधला नसतास तर तुझाही पंचनामा मलाच करावा लागला असता."

सुपरवायझर आणि ऑपरेटर दोघांवर गुन्हा दाखल झाला, मयताचं नाव आरोपींतून काढून टाकलं. या केसनं मला एक शिकवलं. ज्याचा जबाब घेता येत नाही त्याच्यावर ढकलणं सगळ्यात सोपं, आणि पोलीसही त्यात मागे नसतात. पुढे मयताविरुद्ध फिर्याद आली की मी आधी जिवंत माणसांचे सदरे वर करायला लावायचो.

बाईला बोलावून सांगितलं. तिनं विचारलं, "मग गावात काय सांगू?"

"सांग, चढ म्हणाले म्हणून तो चढला."

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "नाही म्हणाला असता, तर दुसऱ्या दिवशी कामावर ठेवला असता का, साहेब?"

ठेवला नसता. हे तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, आणि त्याचं कलम माझ्याकडे नव्हतं.