मोहना सुर्वे इथे राहत नाहीत

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत अहल्याबाई जगतापांचं छोटं वर्कशॉप आहे. पाण्याच्या पंपात बसणाऱ्या रबरी रिंगा तिथे तयार होतात. यजमान समरजितराव होते तेव्हा अहल्याबाई दुपारी डबा घेऊन जायच्या, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत बसल्या बसल्या रिंगा ताणून बघायच्या. एक दिवस समरजितराव रिंगा दाबायच्या प्रेसपाशीच कोसळले. दिवसकार्य उरकलं आणि डब्याऐवजी किल्ल्या घेऊन अहल्याबाई त्याच रस्त्याने जायला लागल्या. कोणी जा म्हणालं नाही, कोणी नको म्हणालं नाही. रंगमंचावर ऐनवेळी एखादा नट येत नाही आणि विंगेत उभी असलेली बाई त्याची पगडी चढवून प्रवेश निभावून नेते, तसं ते झालं.

वर्कशॉपचं बहुतेक काम जर्मनीतल्या एका पंपवाल्याचं. यंदा त्याच्याकडे गेलेल्या मालातल्या काही रिंगा गळल्या. त्याने रागाचा एक शब्द लिहिला नाही. अत्यंत सभ्यपणे कळवलं, की महिनाअखेरीस आम्ही तुमच्या नव्या रिंगा आमच्या कारखान्यात तपासणार आहोत, त्या वेळी मालक समोर हवा. नाहीतर आम्हाला दुसरी सोय पाहावी लागेल. अहल्याबाईंना वाटलं, याच्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं.

"आई, मी जातो ना," मुलगा अनुज म्हणाला.

"तुझ्याकडे पासपोर्ट कुठंय? आणि बोलावलंय मालकाला. मालक कागदावर मी आहे."

मालक त्या होत्या खऱ्या, पण अहल्या जगताप म्हणून. पासपोर्ट होता मोहना सुर्वे या नावाचा. वडील सावली गावात मास्तर होते. नैरोबीच्या आत्याकडे पोरीला धाडायचं त्यांच्या मनात आलं, म्हणून लग्नाआधी तो काढलेला. जाणं राहिलं, लग्न झालं. पुढे एजंटाने तो दर वेळी आहे तसाच नवा करून आणला आणि तो कपाटात साड्यांखाली पडून राहिला. लग्नात समरजितरावांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'अहल्या' असं लिहिलं. त्या दिवसापासून रेशन कार्डापासून वर्कशॉपच्या पाटीपर्यंत त्या अहल्याच. जगतापांच्या घरात तर उंबरठा ओलांडल्यावर सुनेचं माहेरचं नाव उच्चारायचं सुद्धा नाही, अशी रीत. भाऊ लक्ष्मण भेटायला यायचा तोही सासूबाईंसमोर 'ताई' एवढंच म्हणायचा.

व्हिसाचं काम अलकापुरीतल्या कौशिकभाईंकडे दिलं होतं. दोन्ही नावं माझीच, असं अहल्याबाईंचं प्रतिज्ञापत्र त्यांनी अर्जाला जोडलं होतं. अहमदाबादला जाऊन बोटांचे ठसे देऊन झाले. आणि मग पाकीट आलं. व्हिसा नाकारला होता.

"बेन, आ शुं थयुं?" कौशिकभाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणतात, माहितीवर भरोसा नाही. एमनेम, उगाच असं नाही लिहिणार. तुम्हाला फोन आलेला काय चौकशीचा?"

"मला? नाही."

"मोबाइलवर नाही, घरच्या फोनवर. तुम्हीच तो नंबर दिला ना? मशीनच्या आवाजात मोबाइल ऐकू येत नाही म्हणून?"

घरी दिवसभर एकच माणूस असायचं.

अकोट्याच्या घरी सासूबाई, येसूबाई, भाजी निवडत बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, पण कान तिखट आणि पाठ ताठ.

"आईसाहेब, मधे कोणाचा फोन आला होता? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी नाही आला. कोणी बाई होती, हिंदीत बोलत होती. मोहना सुर्वे आहेत का, म्हणाली."

"मग?"

"मग काय? म्हटलं, मोहना सुर्वे इथे राहत नाहीत. तिने पुन्हा विचारलं, ओळखता का. म्हटलं, या घरात अशी कोणी नाही. ठेवला फोन." त्यांनी मेथीची काडी मोडली. "का गं? अशी काय बघतेस?"

अहल्याबाई त्यांच्यासमोर खाली बसल्या. येसूबाई खोटं बोलल्या नव्हत्या. तोच फोन अहल्याबाईंनी उचलला असता, तर त्यांच्याही तोंडून कदाचित हेच गेलं असतं.

कौशिकभाईंनी पुन्हा अर्ज करायचं ठरवलं. "पण या वेळी घरच्या माणसाची साक्ष पाहिजे, नोटरीसमोर."

"माझा भाऊ येईल सावलीहून. आजच येईल."

"बेन, माहेरचा माणूस तर मोहनाच म्हणेल! ती अहल्या झाली, ते सासरच्या माणसाने सांगायला पाहिजे. लग्नात हजर असलेल्या. कोण आहे?"

सासरे गेले, दीर गेले, समरजितराव गेले. लग्नाची नोंदणी त्या काळी कोण करत होतं? उरल्या फक्त येसूबाई.

"ते नाव मी घेणार नाही," येसूबाई म्हणाल्या.

"आईसाहेब, वर्कशॉप बंद पडेल."

"पडू दे."

"तुमच्या मुलाने उभं केलंय ते!"

"म्हणूनच!" येसूबाईंचा आवाज एकदम चढला. "त्याने स्वतःच्या हाताने तांदळात लिहिलेलं नाव आहे तुझं. मी तिथे जाऊन सांगू, की ही दुसरीच कोणी आहे? तो गेला, त्याचं लिहिलेलंही पुसून टाकू?"

अनुज मधे पडायला गेला, "आजी, अगं कागदाचा प्रश्न आहे नुसता..."

"तू गप रे! कागद, कागद! तुझ्या आजोबांच्या वडिलांनी राजवाड्यावर पहारा दिला, त्यांना कोणी विचारला कागद?"

पुढचे दिवस अहल्याबाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. नवा माल तयार होत होता, त्या एकेक रिंग ताणून, वाकवून बघत होत्या, आणि हातातली रिंग हातातच राहत होती. जेवणाच्या सुट्टीत प्रेसवरचा जुना कामगार रमणभाई जवळ येऊन उभा राहिला.

"बेन, सामेवाळा मला बोलावतोय, त्याच्या कारखान्यात. मी ना पाडी, नको म्हटलं. पण पोरीचं लग्न आहे. तुम्ही सांगा, राहू की जाऊ?"

समरजितरावांच्या वेळेपासूनचा तो माणूस. 'राहा' म्हणावं तर कशाच्या जोरावर? 'जा' म्हणावं तर जीभ रेटेना. त्या मागच्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं आणि रबराच्या गठ्ठ्यांवर बसून तोंडात पदर कोंबून रडल्या. बाहेर प्रेस चालू होता, म्हणून कोणाला ऐकू गेलं नाही.

संध्याकाळी घरी आल्या त्या स्वयंपाकघरात न जाता थेट येसूबाईंच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"आईसाहेब, एक विचारते. त्या दिवशी तांदळात नाव लिहिलं, तेव्हा मला कोणी विचारलं होतं का, हे नाव तुला हवंय का म्हणून?"

येसूबाई बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत या सुनेने उलट शब्द काढला नव्हता.

"मी घेतलं. आनंदाने घेतलं. इतकी वर्षं अहल्या म्हणून राबले. पण ते पहिलं नाव माझ्या बापाने ठेवलं होतं हो! पाप नव्हतं ते. मी मेलेली नाही, आईसाहेब. मोहना मेलेली नाही!"

त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

सकाळी अहल्याबाई चपला घालायला गेल्या तर दारात येसूबाई बसलेल्या. ठेवणीतलं नऊवारी, पायात चपला, हातात काठी.

"त्या वकिलाचं दुकान किती वाजता उघडतं?"

"आईसाहेब..."

"बोलू नकोस. रिक्षा बोलाव. अनुजच्या मोटारसायकलवर मी बसणार नाही."

नोटरी तरुण होता, घाईत होता. समोर कौशिकभाई कागद घेऊन उभे. त्याने वर न बघताच विचारलं, "बा, आ बेनने ओळखो छो?"

"ओळखते. माझी सून."

"नाव?"

"अहल्या."

"लग्न पहेलां?"

येसूबाईंनी काठी दोन्ही हातांनी धरली. "ही सुर्व्यांची. सावलीच्या मास्तरांची थोरली."

"एम नहीं, बा. नाम बोलवुं पडशे."

ओठ हलले, आवाज आला नाही. नोटरीने घड्याळाकडे पाहिलं. कौशिकभाईंनी डोळ्यांनीच त्याला विनवलं. अहल्याबाईंनी मान खाली घातली. पंखा तेवढा कुरकुरत होता.

येसूबाईंनी डोळे मिटले. "समर, रागावू नकोस रे," असं काहीसं पुटपुटल्या. मग डोळे उघडून सुनेकडे वळल्या आणि नाटकातल्या राणीला शोभेल अशा स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"मोहना."

"जी, आईसाहेब," अहल्याबाईंच्या तोंडून गेलं.

नोटरीने पहिल्यांदा मान वर केली. दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि काही न विचारता शिक्का उचलला.

दुसऱ्या अर्जाचं उत्तर लवकर येईना. तपासणीचा मंगळवार जवळ आला. अनुजने अहमदाबादहून विमानाचं तिकीट काढून ठेवलं, तेही मोहना सुर्वे या नावाने. ते रद्द करावं की ठेवावं यावर मायलेकांची रोज वादावादी व्हायची. "आई, नाही आलं तर?" "तर रमणभाईला सांगेन जा म्हणून. अजून नाही सांगितलं." शनिवारी दुपारी कुरिअरवाला वर्कशॉपच्या दारात आला. अहल्याबाईंचे हात रबराने काळे झालेले, पाकीट अनुजने फोडलं. त्याने पासपोर्टची पानं उलटली, परत उलटली, आणि मग तो इतक्या मोठ्याने ओरडला की रमणभाईने घाबरून प्रेस बंद केला.

व्हिसा मिळाला होता. मोजक्याच दिवसांचा, पण मिळाला होता.

रविवारी निघताना येसूबाईंनी सुनेच्या तळहातावर दही घातलं. अहल्याबाई वाकून नमस्कार करायला लागल्या तर त्यांनी खांद्याला धरून उभं केलं.

"रिंगा नीट बघितल्यास ना?"

"सगळ्या बघितल्या. तरी भीती वाटते, आईसाहेब. तिथे त्यांच्यासमोर गळाली एखादी तर?"

"गळाली तर गळाली म्हणून सांग. सारवासारव करू नकोस. आणि पुढची गळणार नाही, हेही सांग. समोर उभं राहून सांगितलं की माणूस ऐकतो." मग जरा थांबून, अनुजला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्या म्हणाल्या, "थंडी असेल तिथे. माझी शाल ने."

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. रिंगांची पेटी मांडीवर घेऊन अहल्याबाई रिक्षात बसल्या. स्टेशन येईपर्यंत त्यांनी तिचं झाकण एकदाही उघडलं नाही.