शिवता येईल असा कागद

आखाडा बाळापूरच्या शाळेत मी चित्रकला शिकवते. सुती चिंध्यांपासून हातकागद करायला एका शिबिरात शिकले आणि घरी आल्या आल्या मिक्सर कामाला लावला. बाजारात कपडे शिवणारे चाचा मला पिशवी भरून कात्रणं द्यायचे. "टेरिकॉट येगळं काढलंय, बाई. त्याचा काई लगदा होत न्हाई." मी कात्रणं भिजवून दळायची, लगदा टबात कालवायची आणि जाळीच्या चौकटीवर उचलून वाळवायची. कागद छान गुळगुळीत निघायचा.

मला त्यावर चित्र काढायचं नव्हतं. कागदाला कागद शिवून गोधडीएवढं काहीतरी करायचं होतं. चाचांनी पहिले दोन तुकडे मशीनवर घेतले. चार बोटं शिलाई गेली आणि कागद टिपेवरून सरळ फाटला. दुसरी जोडीही फाटली, तिसरीही.

चाचांनी फाटकी कड उजेडात धरली. "काहून फाटून राहिला, सांगू? यात धागाच न्हाई. मिक्सरात मारून टाकला तुमी त्याला. टाका धरंल कशाला?"

तीस कागद केले होते मी. दोन दिवस त्यांच्या दुकानावरून गेले नाही. मग शेजारणीचं उखळ मागून आणलं. हातानं कुटलेल्या लगद्यात धागे लांब राहिले. कागद खडबडीत झाला. कुठं निळा दोरा, कुठं ब्लाउजच्या कापडाची लाल कड तशीच दिसायची. मला तो आधी कुरूपच वाटला. चाचांनी टाका लांब केला, मशीन सावकाश चालवली. शिलाई या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

"आता वढा, बाई. बराबर हाय."

मी ओढला. धरून राहिला.

दोन महिने खपून आम्ही चाळीस तुकडे जोडले. नांदेडच्या प्रदर्शनात ते टांगलं, तेव्हा खालच्या पाटीवर फक्त माझं नाव होतं. अर्ज मीच भरला होता. चाचांनी पाटी वाचली. मग ते कागदाचा मुडपलेला कोपरा सरळ करत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेन मागून आणलं आणि माझ्या नावाच्या वर त्यांचं नाव लिहिलं.

"वर कशाला?" चाचा म्हणाले. "कागद तर तुमचा."

"टिकला तुमच्यामुळं."

तेवढ्यात एका चित्रकारानं विचारलं, "कागद शिवला कसा हो?" चाचा सांगायला लागले. टाका, सुई, उखळ, सगळं. भोवती माणसं जमली. माझ्या मिक्सरची फजितीही त्यांनी सोडली नाही. सगळे हसले, मीही हसले. मी मध्ये एकदाही बोलले नाही. इतका अभिमान मला माझ्या कुठल्याच चित्राचा वाटला नव्हता.