डोहाळेजेवणाला आलेला खासदार

माझं बालपण नागपुरात पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. वडील सभेची पत्रकं छापून आणायचे, आई गठ्ठे सोडायची आणि मी चौकात उभी राहून वाटायची. त्यामुळे शिकायला अमेरिकेत आल्यावर, डॅलसपासून तासाभरावरच्या आमच्या गावात, मी पहिल्याच निवडणुकीत तिथल्या खासदाराविरुद्ध पत्रक काढलं. मत द्यायचा अधिकार मला नव्हता, पण पत्रक वाटायला कोण अडवतो?

अडवलं काकूंनी. त्यांचे यजमान, म्हणजे काका, वडिलांचे वयाने बरेच लहान असलेले जुने मित्र. इथे इंजिनिअर होते, आणि मी त्यांच्याच घरी राहत होते.

"अगं, ह्याच माणसाकडे माझं काम आहे!" काकूंनी माझ्या हातातला गठ्ठा काढून घेतला.

काकूंना सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण, आणि त्यांची आई नागपुरात. आईचा व्हिसा दोनदा नाकारला गेला होता. विधवा बाई, एकटी, परत गेली नाही तर, अशी व्हिसा देणाऱ्या साहेबाला शंका. खासदाराच्या ऑफिसमधून पत्र गेलं तर पुन्हा विचार होतो, असं काकांना कुणीतरी सांगितलं होतं.

हा खासदार आधी ट्रॅक्टर विकायचा. मग शाळेच्या समितीवर गेला, मग राज्याच्या विधानसभेत, मग थेट वॉशिंग्टनला. सगळीकडे एकाच शब्दाच्या जोरावर: नाही. कर वाढवायला नाही, कामगार संघटनांना नाही, गरीब मुलांच्या शाळेतल्या जेवणाला नाही. माझ्या पत्रकाचा मथळाच होता, 'नाही म्हणण्याचा पगार'.

"तो हो म्हणणार नाही काकू."

"जेवायला हो म्हणतो. गावातलं एक आमंत्रण सोडत नाही," काकू म्हणाल्या आणि त्यांनी त्याला स्वतःच्या डोहाळेजेवणाला बोलावलं. वर मला दम भरला, "तोंड उघडलंस तर बघ. आधी माझी आई, मग तुझी क्रांती."

शनिवारी दुपारी तो खरंच आला. मोठी हॅट, चकचकीत बूट. काकांनी सगळ्या पुरुषांना गॅरेजमध्ये बसवलं होतं. बायकांच्या घोळक्यात हा एकटा पुरुष. आम्ही मेणबत्ती लावून त्रिशरण म्हटलं, तेव्हा हॅट छातीशी धरून तो मान खाली घालून उभा राहिला. सुपरमार्केटमधल्या कार्नेशनच्या फुलांचे दागिने घालून बसलेल्या काकूंना बघून त्याने मला विचारलं, "वाढदिवस आहे का?"

काकूंनी डोळे वटारले. मी गोड आवाजात सगळं समजावून सांगितलं.

गोळाभात त्याने मागून घेतला. तिसरी पुरणपोळी संपवताना कुटुंबावर भाषण सुरू केलं. कुटुंब हाच देशाचा पाया, आईची जागा कुठलंच सरकार घेऊ शकत नाही, वगैरे. शाळेच्या जेवणाबद्दलचा प्रश्न माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. शेजारच्या मावशींनी माझ्या तोंडात अख्खी पोळी कोंबली.

"मग आता पुढे काय करतात?" त्याने विचारलं.

मी पोळी कशीबशी गिळली. "आज त्या जे मागतील ते नाकारायचं नसतं. जमलेल्या प्रत्येकाने."

"प्रत्येकाने?"

"तुमच्याकडून पुरणपोळी नाही मागणार मी," काकू म्हणाल्या. "मला माझी आई पाहिजे."

आणि मग न थांबता त्यांनी व्हिसाची सगळी हकीकत सांगितली. डोळ्यांत पाणी आलं तरी इंग्रजी अडखळलं नाही.

त्याने ताट खाली ठेवलं. "मी हुकूम नाही देऊ शकत मॅडम. पत्र लिहू शकतो."

"लिहाल?"

"हो."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी लगेच विचारलं, "आणि शाळेत उपाशी बसणाऱ्या मुलांच्या आयांचं काय?"

"झालं हिचं सुरू!" मावशी कपाळाला हात लावून म्हणाल्या.

तो हसला, पण उत्तर सरळ दिलं. "त्यावर माझं मत तेच आहे, पोरी. जेवण घरातून यावं, सरकारकडून नाही."

"आणि घरात नसेल तर?"

"तर शेजाऱ्यांनी द्यावं."

"मग तुमच्याविरुद्धचं माझं पत्रकही तेच राहील."

"राहू दे," तो म्हणाला आणि हॅट डोक्यावर ठेवून निघून गेला.

त्याचं पत्र गेलं, व्हिसा मिळाला, आणि काकूंची आई, म्हणजे आमच्या आजी, बाळंतपणाच्या आठवडाभर आधी पोचल्या. मुलगी झाली. माझा राग तसूभरही कमी झाला नव्हता; मी पत्रकाची दुसरी आवृत्ती काढली. त्यात 'शेजाऱ्यांनी द्यावं' हे त्याचं वाक्य घातलं आणि खाली विचारलं, की संपूर्ण जिल्ह्यातल्या मुलांना कुठल्या शेजाऱ्याने जेवू घालायचं?

एका सकाळी आजींनी माझ्या हातात पुडकं दिलं. "डिंकाचे लाडू आहेत. त्या टोपीवाल्याला देऊन ये. त्याच्यामुळे मी नातीला न्हाऊ घालतेय."

"आजी, पण हे बांधलंय कशात?"

"तुझ्याच खोलीतला कागद. चांगला जाड आहे."

कागद बदलायला मी हात पुढे केला आणि मागे घेतला. त्याच्या ऑफिसपर्यंत एकही पत्रक अजून पोचलं नव्हतं.