टोचन न घेणारे नाना मिस्त्री

नाना मिस्त्रींच्या गॅरेजात सगळी हत्यारं होती, फक्त टोचनचा दोर नव्हता. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणायची, याला आमच्याकडं टोचन म्हणतात, आणि नानांना त्याचा भयंकर तिटकारा. मार्गासनीच्या पुढं कुणाचा टेम्पो बसला की मालक फोन करायचा, "नाना, टोचन करून आणू का?" नाना इकडून कडाडायचे, "खबरदार! मेलेलं जनावर वढून नेत्यात. जित्तं आपल्या पायानं जातंय. म्या येतो तिकडं." मग हत्यारांची पिशवी फटफटीला अडकवून शिवऱ्याच्या गॅरेजातून निघायचे. कामाला दोन दिवस लागले तर दोन दिवस तिथंच, त्या मालकाच्या घरची भाकरी खाऊन. आपल्या हातची गाडी कधी दोरानं घरी आली नाही, एवढी एकच बढाई ते मारत. पण मारत मात्र दिवसातून चारदा.

मूळचे ते वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यावरचे. पोरपण मेंढरांमागं गेलं, मग हायवेला उतरले ते शिवऱ्याचेच झाले. गाड्यांशी मात्र ते जनावरांसारखंच वागत. बॉनेट उघडण्याआधी गाडीच्या पाठीवरून हात फिरवायचा, मग विचारायचं, "काय दुखतंय हिचं?" माझ्या वडिलांची बासष्ट सालची काळी अँबॅसिडर त्यांच्या विशेष मायेची. वडील भोरला डॉक्टर होते, आणि त्या गाडीतून खेडोपाडी पेशंट बघायला जात. ते गेल्यावर गाडी माझ्याकडं आली आणि गाडीबरोबर नानाही आले. ते तिला काळी म्हणत. मला ताई म्हणत, आणि माझ्या पाठीमागं सगळ्यांना सांगत, "ताईंच्या डोक्याला थरमोस्टॅट न्हाई, लगी उकळतंय." खोटं कशाला सांगू, उकळतं.

पुण्याच्या कॉलेजातली नोकरी संपवून मी भोरला परतले, तेव्हा जुन्या गाड्यांच्या एका लांबच्या रॅलीची माहिती माझ्या हाती लागली. मंगोलियातून निघायचं, डोंगर, वाळवंटं, कॅस्पियन समुद्र ओलांडून इस्तंबूल गाठायचं. मी गॅरेजात जाऊन नानांना नकाशा दाखवला. त्यांनी तो उलटा धरून बराच वेळ पाहिला. म्हणाले, "रस्ता हाय का?" म्हटलं, आहे, बराचसा. "मंग काळी जाईल. नकाशा तुमी बघा, गाडी म्या बघतो." चौसष्टाव्या वर्षी माणसानं पहिला पासपोर्ट काढला. किकवीच्या चहाच्या टपरीवर तर त्यांना उभं राहू देईनात. "काय नाना, मंगोलियात पंक्चर काढाया चालला व्हय?" "टरकात घालून आणतील काळीला, बघा!" नाना हसायचे, पण त्या शेवटच्या वाक्यानं त्यांचा चहा निम्मा राहायचा. मुंबईला गाडी जहाजात चढवताना ते मला म्हणाले, "ताई, नंबर येवो न येवो. काळी आपल्या चाकानं पोचली पायजे. न्हाईतर मला किकवीवरनं जाया तोंड न्हाई." मला मात्र नंबर हवा होता.

निघताना नानांनी एक घोळ घातलाच. मागच्या चाकांवरचे पोलादी पाटे गाडीचं सगळं वजन पेलतात. त्याचं एक जादा पान बरोबर घ्यायचं असं यादीत मी तांबड्या शाईनं लिहिलं होतं. नानांनी ते उतरवलं आणि त्या जागी काकूंनी, म्हणजे त्यांच्या कुटुंबानं, दिलेलं इंद्रायणी तांदळाचं पोतं बसवलं. मला हे कळलं मंगोलियाच्या माळावर. मी इतकी ओरडले की शेजारच्या तंबूतला परदेशी गडी बाहेर येऊन बघायला लागला. नाना शांतपणे तांदूळ निवडत म्हणाले, "पाटा मोडला तर एकदा मोडंल. भूक रोज लागती."

तरी सांगते, त्या भातावरच आम्ही निम्मा आशिया काटला. नाना पहाटे उठून गाडीखाली शिरायचे, मी नकाशे लावायची. रोजच्या टप्प्यावर वेळेत पोचायचं, शिक्का घ्यायचा, असा खेळ. किर्गिझस्तानच्या डोंगरात पोचलो तेव्हा आम्ही आमच्या गटात दुसरे होतो. दुसरे! भोरची गाडी! माझे पाय जमिनीवर ठरेनात.

आणि नेमका तिथं बेंदूर, आमचा बैलांचा सण, आला. बेंदराला आपल्याकडं बैलाला जू लावत नाहीत, आणि आदल्या संध्याकाळी हळद-तेलानं त्याचे खांदे मळतात, ही खांदेमळणी नानांनी जन्मात चुकवली नव्हती. दिवस मावळायच्या आत त्यांनी हळदीची पुडी काढली, तेलात कालवली आणि गाडीखाली शिरले. मी म्हटलं, "अहो, गाडीला कुठला आलाय खांदा?" आतून उत्तर आलं, "ज्याच्यावर वझं, त्यो खांदा." मी कपाळावर हात मारून घेतला. थोड्या वेळानं आतलं चोळणं थांबलं. मग नाना म्हणाले, "ताई, हितं हात लावा." मी आडवी होऊन हात घातला. त्या तेलकट, पिवळ्या पाट्यावर माझ्या बोटाला बारीक खाच लागली. मुख्य पान तडकलं होतं. नुसत्या डोळ्यांना दिसलंही नसतं. दुसऱ्या दिवशी साडेतीन हजार मीटरची खिंड चढायची होती, एका बाजूला दरी.

सकाळी आयोजकांचा ट्रक आला. ते म्हणाले, गाडी वर चढवा, खिंडीपलीकडच्या शहरात नेऊन दुरुस्त करू, थोडे गुण कापू, पण गटातलं तुमचं स्थान राहील. मी सही करायला पेन उघडलं. नाना गाडीत जाऊन बसले आणि दार लावून घेतलं. काचेआडून म्हणाले, "चढवा खुशाल. पर मग मला हितनंच वाटंला लावा. म्या वझं म्हणून येणार न्हाई, आन काळीबी न्हाई." मी म्हटलं, "तुमच्या बेंदरापायी माझा नंबर घालवू?" "बेंदूर ऱ्हाऊ द्या बाजूला. एक दिस द्या. पाटा बांधतो." "आणि नाही टिकला तर?" त्यांनी काच खाली करून समोरच्या डोंगराकडं पाहिलं. मग म्हणाले, "तर दरीच्या अंगाला म्या बसंन. तुमी उतरून चाला."

मी पेन बंद केलं. ट्रक गेला, त्याच्याबरोबर आमचा दुसरा नंबर गेला, आणि मी नानांशी संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलले नाही.

तेवढ्यात त्यांनी काय केलं? खालच्या कुरणात मेंढपाळांचे तंबू होते, तिथं गेले. ना भाषा, ना ओळख. एक मेंढा लंगडत होता. नानांनी त्याला आडवा पाडला, खुरातला खडा काढला आणि आपल्या धनगरवाड्यावरची हाळी घातली. मेंढरांनी माना वर केल्या, आणि मेंढपाळ म्हातारा तर खदखदून हसायलाच लागला. येताना नानांच्या खांद्यावर कच्चं कातडं होतं, आणि त्याच्या बदल्यात आमचं तांदळाचं पोतं म्हाताऱ्याच्या घोड्यावर चढलं. टायर उचकटायची लोखंडी पट्टी पाट्याला लावून त्यांनी त्यावर ओलं कातडं करकचून आवळलं. "वाळलं की आवळतंय. बैलगाडीची मोडकी दांडी आमी अशीच बांधतो. निस्तं ऊन खाऊ द्या." बेंदराचा सबंध दिवस काळी उन्हात उभी राहिली. संध्याकाळी मेंढपाळांच्या तंबूत इंद्रायणीचा भात शिजला आणि मी नाइलाजानं नानांशी बोलले, कारण मीठ त्यांच्याकडं होतं.

तिसऱ्या दिवशी खिंड चढलो. मी उतरून चालले नाही. नानांनी दोनदा सांगितलं, मी दोनदा "गप गाडी चालवा" म्हटलं. प्रत्येक वळणाला माझा जीव त्या कातड्यात अडकलेला. माथ्यावर नाना खाली उतरले, वाकून पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "धरलंय." ताश्कंदला एका लोहाराशी, दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नसताना, लोखंड किती तापवायचं यावर कडाक्याचं भांडून त्यांनी नवं पान घडवून घेतलं.

नाना जाऊन आता दोन वर्षं होतील. हायवेनं शिवऱ्यावरून जाताना त्या बंद शटरकडं बघायला मला अजून धीर होत नाही. पण त्यांची आठवण आली की मला ते आजारपणातले दिसत नाहीत, इस्तंबूलचे दिसतात.

समुद्राकाठी शेवटची कमान, बँड, दोन्ही बाजूंना माणसं. आमच्या पुढं आलेल्या कितीतरी देखण्या गाड्या ट्रकवरून उतरवून घेतल्या होत्या. कमान शंभर पावलांवर असताना नानांनी गाडी थांबवली आणि खाली उतरले. मी घाबरले, "काय झालं?" "कायबी न्हाई. तुमी बसा चाकावर." पिशवीतून त्यांनी पांढरा फेटा काढून बांधला, काळीच्या मडगार्डवर हात ठेवला आणि बेंदराला गावात बैल मिरवतात तसे तिच्याबरोबर चालू लागले. एक आयोजक धावत आला, चालक आतच पाहिजे म्हणायला लागला. मी सगळा जोर लावून हॉर्न वाजवला आणि इंग्रजीत ओरडले, "चालक मी आहे! ते गाडीचे धनी आहेत!" तो बाजूला झाला. लोकांना काय कळलं कोण जाणे, पण आधी एका कोपऱ्यातून टाळ्या सुरू झाल्या आणि मग सगळा रस्ताच वाजायला लागला. नाना ना इकडं बघत होते ना तिकडं. ताठ मानेनं, काळीच्या चालीनं, कमानीखालून गेले.

पलीकडं त्यांनी आधी रेडिएटरचं पाणी बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसून हमसून रडत होते.

"ताई, डोळं पुसा," नाना म्हणाले. "नकाशा काढा बगू. हितनं शिवरं कुठल्या अंगाला येतं?"