ताट तिथंच ठेवा

आमच्या घरात ताटं तीन होती आणि माणसं पाच. त्यामुळे जेवण दोन पंगतींत व्हायचं. आधी बाबा आणि दोघे धाकटे भाऊ, मग त्याच ताटांत आई आणि मी. मधल्या वेळात ताटं धुवायचं काम माझं. ताटात नाचणीची भाकरी आणि सुकट; भात शिजला की समजायचं, पाहुणा आलाय. जमीन म्हणाल तर डोंगरउतारावर दोन तुकडे, तेही दुसऱ्याचे, अर्धेलीने केलेले. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. ताटांची गोष्ट सांगायची आहे, म्हणून ताटांपासून सुरुवात केली.

आमची वाडी पोलादपूरच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी. बाबा मैलकुली होते. म्हणजे हायवेचा ठरावीक तुकडा त्यांच्या हवाली. खड्डे भरायचे, गटारं मोकळी करायची, कडेचं गवत कापायचं, मैलाच्या दगडांना चुना लावायचा. कितीतरी वर्षं रोजंदारीवर काढल्यावर ते कायम झाले. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत भाकरी असे, तंबाखूची डबी असे आणि काठ चेपलेला एक जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, पेला असे. हायवेवरच्या हॉटेलात चहा प्यायचा झाला, तरी बाबा आत जात नसत. बाहेर उभे राहून पेला पुढे करायचे, हॉटेलवाला वरून चहा ओतायचा, पिऊन झाला की पेला विसळून पिशवीत. मी लहान असताना मला वाटायचं, सगळेच बाप पेला घेऊन फिरतात.

सातवीत असताना शिष्यवृत्तीच्या दाखल्यासाठी बाबा मला महाडला प्रांत कचेरीत घेऊन गेले. दुपारपर्यंत साहेब आलेच नाहीत. भूक लागली, म्हणून आम्ही एसटी स्टँडजवळच्या एका हॉटेलपाशी आलो. मी सरळ आत गेले आणि बाकड्यावर बसले. कोणी काही बोललं नाही. उलट वेटरने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. मी तो उचलणार, तेवढ्यात दारातून बाबांचा आवाज आला.

"बाहेर ये गो. आपण हितंच खाऊ."

मी विचारलं, का? तर म्हणाले, आत गर्दी हाय. आत चार माणसं होती. मी उठले. पायरीशी उभं राहून आम्ही भजी-पाव खाल्ला. मग बाबांनी दोन्ही बशा बाजूच्या नळावर नेल्या, चोळून चोळून धुतल्या आणि पालथ्या घालून पायरीवर ठेवल्या. गल्ल्यावरचा माणूस म्हणत होता, "अहो, राहू द्या की." बाबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

त्या हॉटेलवाल्याने आम्हांला हाकललं असतं, तर मी मोठी होऊन त्याच्याशी भांडले असते. पण भांडायला समोर कोणी नव्हतं. नको म्हणणारा माणूस माझाच बाप होता. आणि हाच बाप दर मार्चमध्ये मला खांद्यावर घेऊन चवदार तळ्यावर यायचा, ओंजळीने पाणी पिऊन मलाही पाजायचा. तळ्यापासून ते हॉटेल असं कितीसं लांब? पण तेवढं अंतर त्यांच्याच्याने तुटत नव्हतं. येताना गाडीत मी मनाशी पक्कं केलं: बाबांना मी हॉटेलात बसवणार. बसून जेवतील आणि ताट तिथंच ठेवून उठतील. शिकायचं कशासाठी, हे मला त्या दिवशी कळलं. बाकीची कारणं नंतर आली.

दहावीनंतर महाडच्या कॉलेजात गेले. घरातलं कोणी त्याआधी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. पहाटेची एसटी, पास, एक चांगला ड्रेस आणि एक बरा. दोन मैत्रिणी झाल्या, एक महाडचीच, एक वरंधची. त्यांनी मला पहिल्यांदा मिसळ खायला नेलं, ते ह्याच स्टँडजवळच्या हॉटेलात. मी आत जाऊन बसले. मिसळ संपली. मैत्रिणी गप्पा मारत होत्या. मी उठले, माझी बशी आणि ग्लास उचलला आणि मागच्या मोरीवर जाऊन धुवायला बसले. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. खाल्लं की धुवायचं, हाताला तेच वळण.

मोरीवर एक वयस्क बाई भांडी घासत होती. तिने माझ्या हातातून बशी काढून घेतली.

"ठेव गो ती. तू धुवायला लागलीस तर मला कशाला ठेवतील?"

मी ओशाळून परत आले. वरंधची मैत्रीण म्हणाली, "काय गं, नोकरी मिळाली का?" आणि दोघी हसत सुटल्या. मीही हसले. पण घरी जाताना मला कळलं की बाबांचा पेला माझ्याही पिशवीत आहे. फक्त दिसत नाही.

मग मी हट्टच धरला. जिथे जिथे बसून खाता येतं, तिथे बसून खायचं. रोज नाही, ऐपत नव्हती. पण जेव्हा खायचं तेव्हा आत, मधल्या टेबलावर, पंख्याखाली. महाडच्या बाजारात त्या सुमाराला चायनीजच्या गाड्या आल्या. लाल रंगाचे नूडल्स आणि मंचुरियन. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा जिभेला चटका बसला आणि तो चिनी आचारी पोलादपूरकडचाच निघाला. वरंधच्या मैत्रिणीच्या घरी गेलो तेव्हा घाटातल्या टपरीवर कांदाभजी खाल्ली. ढगात बसल्यासारखं होतं, भजी बशीतून उचलेपर्यंत गार. टपरीवाल्याने न सांगता दुसरा घाणा काढला.

पाचाडचं मात्र नीट आठवतं. कॉलेजची सहल रायगडावर गेली होती. उतरल्यावर आम्ही एका घराच्या पडवीत जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. वाढणाऱ्या मावशींनी मला विचारलं, "कुठली गो तू?" आमच्या भागात हा प्रश्न साधा नसतो. नुसतं गावाचं नाव सांगून भागलं असतं. मी वाडीसकट सांगितलं. बौद्धवाडीतली, असं पूर्ण. मावशी क्षणभर थांबल्या, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. मग म्हणाल्या, "ठेचा तिखट हाय. ताक घे आधी." आणि दुसरी भाकरी वाढली. त्या दिवशी मी ताट उचललं नाही. हात शिवशिवले, पण मांडीखाली दाबून ठेवले.

बीए झाले. निकाल घेऊन बाबांना म्हटलं, चला, आज महाडला हॉटेलात जेवू. ते आले. नवं धोतर नेसून आले. हॉटेलच्या दारापर्यंत आले आणि थांबले. "पार्सल घे," म्हणाले, "स्टँडवर बसून खाऊ. हवा तरी लागंल." वाडीतली पहिली पदवीधर मुलगी आणि तिचा बाप, दोघांनी स्टँडच्या बाकावर कागदातली पुरीभाजी खाल्ली. पुऱ्या गार झाल्या होत्या. बाबा मात्र खुशीत होते, येणाऱ्याजाणाऱ्याला माझा निकाल सांगत होते.

घरी येऊन मी आईवर चिडले. तेव्हा आईने सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. बाबा दहाएक वर्षांचे असताना आजोबांबरोबर गाडीने चालले होते. घाटाखाली गाडी थांबली, आजोबांनी हॉटेलच्या बाहेर चहा घेतला. आमच्या माणसांचे कप वेगळे, ते ज्याने त्याने धुऊन ठेवायचे. कंडक्टरने घंटा मारली म्हणून आजोबा कप तसाच ठेवून गाडीत चढले. हॉटेलवाल्याने गाडी थांबवली. आजोबांना खाली उतरवलं, कप धुवायला लावला आणि मगच गाडी सोडली. गाडीतली सगळी माणसं बघत होती. बाबा खिडकीत बसले होते.

"म्हनून तो पेला," आई म्हणाली. "आपलाच पेला असला म्हंजे कोन गाडी थांबवनार?"

हे ऐकून मी शहाणं व्हायला हवं होतं. झाले नाही. परीक्षा देऊन मी महाडला एका कचेरीत क्लार्क लागले आणि पहिल्याच महिन्यात बाबांना पोलादपूरला हायवेवरच्या हॉटेलात ओढत नेलं. ह्या खेपेला ते आत आले. दाराजवळची कोपऱ्यातली जागा धरली. पिशवीतून पेला काढून त्यात पाणी ओतून घेतलं. थाळी खाल्ली, खाली मान घालून, भराभर. आणि मी हात धुऊन येईपर्यंत ताट घेऊन नळावर हजर. वेटर गालात हसत होता. माझं डोकं फिरलं.

"मी शिकले ती काय तुम्हांला ताट धुताना बघायला?" चारचौघांत बोलले.

बाबांनी ताट धुतलं, पालथं घातलं, पेला पिशवीत ठेवला आणि वाडीपर्यंत माझ्यापुढे चालत राहिले. चूक माझी होती. मी त्यांना हक्क शिकवायला निघाले होते. तळ्याचं पाणी मला पाजणाऱ्या माणसाला हक्क ठाऊक नव्हते थोडेच? आणि चारचौघांत बोलून मी त्यांना पुन्हा त्या गाडीपाशी नेऊन उभं केलं होतं. त्या रात्री माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, "हाताला सवय हाय गो. हात ऐकत नाय."

हट्ट मी सोडला नाही. रीत बदलली. दोन वर्षं विषयही काढला नाही.

बाबा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना शाल-श्रीफळ मिळालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईला आणि बाबांना घेऊन महाडला आले, त्याच स्टँडजवळच्या हॉटेलात. आता तिथे बाकडी जाऊन टेबलं आली होती, भिंतीवर आरसे लागले होते. मी मुद्दाम मधलं टेबल घेतलं. मटण थाळी मागवली, तांदळाची भाकरी, सोलकढी. आई पहिल्यांदाच हॉटेलात बसत होती, पण ती अशी बसली जशी काही हॉटेल तिच्या माहेरचं आहे. मटणात मसाला कमी हाय, असं तिने वेटरला तोंडावर सांगितलं. ते ऐकून बाबा सैल झाले. गप्पांच्या नादात समोरचा हॉटेलचा पेला उचलून ते पाणी प्याले. भात त्यांनी स्वतः दुसऱ्यांदा मागून घेतला.

जेवण झालं. बाबांचा हात ताटाच्या कडेला गेला. ते उठू लागले. मी दुसऱ्या बाजूने ताट धरलं. आवाज चढवला नाही.

"बाबा, मागे मोरीवर एक बाई आहे. ताटं धुणं हे तिचं काम. तुमच्या हद्दीतलं गवत दुसऱ्या कोणी येऊन कापलं असतं, तर चाललं असतं तुम्हांला?"

"कोन कापील?" बाबा म्हणाले. "हद्द माझी हाय."

"मग ही हद्द तिची आहे."

कॉलेजात असताना मोरीवरच्या बाईने माझ्या हातातली बशी कशी काढून घेतली, ते मी त्यांना सांगितलं. 'तू धुवायला लागलीस तर मला कशाला ठेवतील?' हे तिच्याच शब्दांत सांगितलं. बाबांनी मोरीच्या दाराकडे पाहिलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. आयुष्यभर दुसऱ्याच्या कामाला हात न लावलेला माणूस. ते ताट धरून उभे होते. मी कड सोडून दिली.

आई म्हणाली, "एवढी हौस हाय तर घरी धुवा. घरी कुनाची हद्द नाय."

बाबा हसले. मोठ्याने, शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्याने. त्यांनी ताट खाली ठेवलं. पालथं नाही, उताणं. त्यात हाडं होती, लिंबाची फोड होती, थोडा भात होता. फक्त हात धुऊन आले, शाल खांद्यावर नीट केली आणि पिशवी उचलली. पेला तिच्यात होता. तो त्या दिवशी बाहेर निघाला नव्हता.

त्या दुपारी माझे बाबा महाडच्या हॉटेलात मधल्या टेबलावर बसून जेवले, हॉटेलच्या पेल्यातून पाणी प्याले आणि उष्टं ताट टेबलावर ठेवून बाहेर आले.