माझा पेपर, सरांचा सत्कार

मंडळी, आज डोकं फिरलंय.

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात लायब्ररियन आहे. सुट्टीच्या दिवशी अंबरनाथ-बदलापूरची वाचनालयं पालथी घालून लिहिलेला माझा पेपर आज ग्रंथालयशास्त्राच्या एका ओपन ॲक्सेस जर्नलमध्ये आला. पहिलं नाव प्राचार्यांचं, दुसरं माझं. "मॅडम, आपल्याकडे पद्धतच आहे ती," असं त्यांनी पाठवतानाच सुनावलं होतं.

दुपारी स्टाफरूममध्ये सत्कारही त्यांचाच झाला. शाल सावरत भाषणाला उठताना ते माझ्या कानाशी वाकले, "मॅडम, विषय काय होता आपला?"

शी! आणि मी मुकाट्याने सांगितला.

ओपन ॲक्सेस म्हणजे जगात कुणीही फुकट वाचू शकतं. मग पहिल्या लेखकाने तरी एकदा वाचावा, ही अपेक्षा जास्त आहे का?