परात मागायला न आलेले अप्पा

हा लेख मी आईच्या हुकमावरून लिहीत आहे. अणदूरच्या बसवणप्पांच्या पंचाहत्तरीनिमित्त ग्रंथ निघतो आहे हे कळताच ती म्हणाली, "कॉलेज शिकलीस ना? मग लिही. माझं नाव घालून लिही. मी त्यांच्याशी खोटं बोलले, ते बी लिही." मुख्याध्यापिका म्हणून मी आयुष्यभर इतरांना हुकूम सोडले, आईपुढे ते चालत नाहीत.

अप्पांचे भांड्यांचे दुकान होते. भांडी गहाण घेऊन ते पैसेही देत. मी त्यांना प्रथम पाहिले ते निजामाच्या राज्यात, महायुद्धाच्या टंचाईत. माझे वडील शिंपी. कापडच मिळेना, तर शिवणार काय? ज्वारी महागलेली. आई पाण्याची घागर घेऊन दुकानात गेली, मी तिच्या मागोमाग.

"रोजची का ठेवणीतली?" अप्पांनी विचारले.

"ठेवणीतली."

त्यांनी घागर उपडी केली. दोन थेंब गादीवर पडले.

"सुंदराबाई, ठेवणीतली घागर रडाय लागली की! पाणी कशात भरणार?"

"मडक्यात."

"मडकं फुटलं की पुन्हा माझ्याच दारात. रोजचं भांडं म्या घेत न्हाय. दुसरं आणा."

आईने माहेरची पितळी परात आणली. पैसे कशाला हवेत, हेही अप्पांनी विचारले. ज्वारीला आणि भाच्याच्या लग्नातल्या आहेराला, असे आईने सांगितले.

"ज्वारीपुरते देतो. आहेर पुढच्या साली करा. भाचा कुठं पळून चाललाय?"

आई वाटभर "लई शहाणा!" म्हणत होती. हेही तिनेच लिहायला सांगितले आहे.

निजामी राज्याच्या शेवटच्या महिन्यांत गाव भीतीने रिकामे होऊ लागले. लोक हद्द ओलांडून सोलापूरकडे निघाले. तेव्हा अप्पांनी गहाणाची सगळी भांडी बैलगाडीत भरली आणि ज्याची त्याच्या दारात उतरवली. पैसे मागितले नाहीत. "माझ्या घरात ऱ्हायली तर लुटली जातील. तुमच्यासंगं असू द्या," एवढेच म्हणाले. सोलापुरात आईने परात विकली. त्यावर आम्ही महिनाभर जेवलो.

गाव परतले, तेव्हा लोक आपणहून भांडी घेऊन अप्पांच्या दुकानापुढे उभे राहिले, पुन्हा गहाण ठेवायला! अप्पांनी सांगितले, गाव ओस होते त्या महिन्यांचे व्याज नाही. मुद्दल जमेल तसे द्या. आई रिकाम्या हाताने गेली होती.

"परात घरी हाय," ती म्हणाली.

"तिथंच असू द्या. दुकानात जागा कुठं हाय?"

मुद्दल आईने झबली शिवून फेडले. खोटे तसेच राहिले.

काही वर्षांनी अप्पांच्या थोरल्या मुलीचे लग्न निघाले. कणीक मळायला मोठ्या पराती लागतात. अप्पा स्वतः घरोघर मागत फिरले. आमच्या गल्लीत त्यांनी प्रत्येक दार वाजवले, आमचे वगळले. आई उंबऱ्यात उभी होती. "लग्नाला या समदी," म्हणून ते पुढे गेले. आई आत येऊन खाली बसली. "त्यांना ठाऊक हाय गं," म्हणाली. पुढे तिने नवी परात घेतली, तिच्यावर नाव घातले. पण ती त्यांना दाखवायची कशी? अप्पांच्या घरची आणखी तीन लग्ने झाली. आमच्या दारी ते परात मागायला आले नाहीत.

शिक्षकांच्या पतपेढीत मी काही वर्षे कर्जाचे अर्ज पाहिले. "कशाला हवेत?" असे विचारते म्हणून मला खडूस म्हणत. तो प्रश्न अप्पांचा आहे. कुणाची लाज राखायला शब्द न बोलता दार वगळणे मात्र मला अजून जमलेले नाही.

मागच्या आठवड्यात आईला घेऊन अप्पांकडे गेले. तिने सगळे सांगितले. अप्पा हसू लागले.

"एवढी वर्सं हे मनात ठेवलं व्हय? अहो, वेळेला मोडता यावी म्हणूनच दिली हुती." मग म्हणाले, "धाकट्या नातीचं लग्न हाय. परात हाय का घरी?"

"हाय."

"आता तरी खरं बोला!"

आई खूप दिवसांनी मोठ्याने हसली.

अप्पांचे गुडघे आणि डोळे शाबूत राहोत. परात परत द्यायला त्यांनी स्वतः यावे, आणि पणतीच्या लग्नात पुन्हा मागायला यावे.

दुसऱ्या दिवशी दिले ते असे: मोठी पितळी परात, एक. काठावर "सुंदराबाई" हे नाव. आईने दोन्ही हातांनी दिली, अप्पांनी आमच्या उंबऱ्यात उभे राहून घेतली. गहाण नव्हे, उसनी.